डोळे मिटल्यावरचा हात

काचेच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो न पाळणाऱ्याला कुणी टेबलाजवळ उभं करत नाही. रेघ एकदाच मारायची. कटरचं चाक काचेवरून एकदा फिरलं की फिरलं. रेघ फिकी उठली, मध्येच शिंक आली, घरची कटकट आठवली, काही झालं तरी त्याच रेघेवरून पुन्हा जायचं नाही. गेलात तर काच तिच्या मर्जीने फुटते आणि कटरची धारही कायमची जाते. आपल्या या काचवाल्याने तीस वर्षांत दुसरी रेघ मारली नव्हती, म्हणून दुकानात त्याला सगळे एकरेघी म्हणायचे. हे नाव आपल्याला फारसं आवडत नाही असं तो दाखवायचा, पण नव्या गिऱ्हाइकासमोर कुणी त्या नावाने हाक मारली की त्याची मान जरा ताठ व्हायची.

आणि नशिबाची थट्टा बघा. तीस वर्षं ज्या काचेशी तो खेळला, तिने त्याला ओरखड्यापलीकडे काही केलं नाही. बोट नेलं ते दुकानाच्या शटरने. सकाळी शटर निम्म्यात अडकलं, त्याने खालून हात घातला आणि शटर सुटलं. उजव्या हाताची तर्जनी, दोन पेरं. उरलं ते एक थोटूक. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "जिवावरचं बोटावर निभावलं." तो मान हलवायचा. ज्यांना कटर कसं धरतात तेच माहीत नाही, त्यांच्याशी काय बोलणार? कटर पेन्सिलीसारखं धरत नाहीत. त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात बसते, अंगठा मागून आधार देतो आणि सगळा दाब येतो तो तर्जनीच्या टोकातून. अख्ख्या माणसातून शटरने नेमकं तेवढंच उचललं होतं.

तीन महिन्यांनी तो कामावर आला तेव्हा मालकांनी त्याला काउंटरवर बसवलं. मापं लिहून घ्यायची, फोन उचलायचे, फ्रेमचे नमुने दाखवायचे. मालक माणूस भला. फक्त आता सगळेच त्याच्याशी जपून बोलायला लागले होते, आणि आपल्या भाषेत तर हात आणि बोटं पावलोपावली भेटतात. एकदा मालक एका गिऱ्हाइकाची समजूत काढत होते, "अहो, सगळे कारागीर सारखे कसे असतील, हाताची पाची बोटं..." आणि तिथेच थांबले. मग घाईघाईने पंख्याचा वेग वाढवायला उठले. पंखा आधीच पाचावर होता. एकरेघीने मान खाली घालून डाव्या हाताने माप लिहिलं. उजवा हात खिशात होता. हल्ली तो खिशातच असायचा, नाहीतर घरी उशीखाली, टॉवेलखाली, वर्तमानपत्राखाली. पट्टी निघाल्यापासून बायकोनेही तो नीट पाहिला नव्हता. हा पाहू देईल तर ना!

एका दुपारी मालकांनी खुर्ची जवळ ओढली.

"मास्तर, मी तुम्हाला घाई करत नाही. पण टेबल तरी किती दिवस रिकामं ठेवू? दुसऱ्या दुकानातला एक कारागीर यायला तयार आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मला काय ते सांगा. जमत असेल तर टेबल तुमचं. नाही जमलं तरी काउंटर आहेच, ते कुठे जात नाही."

काउंटर कुठे जात नाही, हेच तर त्याचं दुखणं होतं. रोज खुर्चीत बसायचं आणि पाठीमागे दुसऱ्याच्या हाताखाली काच सर्रर्र वाजताना ऐकायची, थेट म्हातारा होईपर्यंत. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं तो स्वतःशी म्हणाला. बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्याने चपला घरात आणून कपाटात ठेवल्या तेव्हा तिला कळलं की काहीतरी बिनसलंय.

इस्पितळात हातांचे व्यायाम घेणारी एक बाई होती. तिच्या खोलीच्या दारावरची पाटी एवढी लांबलचक होती की सगळे पेशंट तिला हाताच्या बाईच म्हणायचे. वयाने ती एकरेघीच्या भाचीएवढी. स्पंज दाबायला लावायची, मणी उचलायला लावायची आणि चुकलं तरी शाबासकी द्यायची, त्यामुळे त्याला तिचा थोडा रागच यायचा. पहिल्या तारखेची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "काका, आणखी एक करून बघा. रोज सकाळी डोळे मिटून दहा मिनिटं शांत बसायचं. आधी नुसता श्वास बघायचा. आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच. मन जरा निवळलं की आपला हात डोळ्यांसमोर आणायचा आणि त्याला काम करताना बघायचं. अगदी बारीकसारीक सगळं."

"नुसतं बघून काच कापली जाते का बाई?"

"काच नाही कापली जात. पण ती वाट मेंदूच्या पायाखालची होते."

"म्हणजे मनातले मांडे."

"मांडे म्हणा हवं तर. पण रोज."

पहिले चार दिवस श्वास बघता बघता तो घोरायला लागला. पाचव्या दिवशी त्याने दहा मिनिटं शेजारच्या नळाचं टपटपणं ऐकलं आणि त्यांचा वॉशर गेलाय या निष्कर्षाला आला. बायको म्हणाली, "चला, ध्यानाचा कुणाला तरी उपयोग झाला." पण दुसऱ्या आठवड्यात त्याचा जम बसला. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत तो ताठ बसायचा, श्वास आपोआप संथ व्हायचा आणि समोर टेबल यायचं. टेबलावरचं हिरवं जाड कापड, पट्टी, तेलाची वाटी, सगळं जागच्या जागी. हे त्याला फार सोपं गेलं, आणि जाणारच. चांगला कारागीर रेघ मारण्याआधी ती बघतोच. तो मनात काच ठेवायचा, कटर तेलात बुडवायचा, पट्टी लावायचा आणि रेघ मारायचा. केसासारखी बारीक, सरळ रेघ. आणि तो आवाज! इतक्या सुंदर रेघा त्याने आयुष्यात मारल्या नव्हत्या. दहा मिनिटांची वीस झाली, विसाची तीस. खुर्चीतून उठताना त्याचा चेहरा सुट्टीवरून आल्यासारखा दिसायचा.

अडचण एवढीच की दुकानात काच फुटत होती.

मालक जेवायला घरी गेले की तो भंगारातले तुकडे काढायचा. पट्टी लावायचा, कटर धरायचा, आणि हात थेट जुन्या पकडीत जायचा. अंगठा दाब द्यायला पुढे व्हायचा, समोर आधाराला काही नसायचं, कटर कलंडायचं आणि रेघ सरड्यासारखी वळवळत जायची. पहिल्या आठवड्यात दहांतले तीन तुकडे तरी नीट निघत होते. तिसऱ्या आठवड्यात एकही निघेना. उलटी गंगा! सकाळी मनात तो उस्ताद व्हायचा आणि दुपारी टेबलावर शिकाऊसुद्धा उरायचा नाही. जितकं ध्यान छान, तितकी काच वाईट. त्याने सगळा दोष हाताला दिला. मन तयार आहे, हा हातच नालायक आहे, असं तो पुटपुटायचा आणि काचा केराच्या डब्यात भरून वर पुठ्ठा झाकायचा.

पहिली तारीख अकरा दिवसांवर आली होती. सकाळी तो खुर्चीत बसला होता आणि बायको समोर पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हात मांडीवर टॉवेलखाली असायचा, पण डोळे मिटलेले असताना तो त्याची हालचाल लपवायचं विसरायचा. गेले कितीतरी दिवस ती घड्या घालायच्या निमित्ताने तिथे बसत होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने डोळे उघडल्यावर ती म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुम्ही डोळे मिटून बसता ना, तेव्हा टॉवेलखाली ते थोटूक हलतं. कशावर तरी दाबल्यासारखं खाली खाली जातं. काय दाबता तुम्ही?"

"कटर. दुसरं काय दाबणार?"

"कुठल्या बोटाने?"

उत्तर शोधायला त्याने पुन्हा डोळे मिटले. टेबल आलं, काच आली, हात आला. या वेळी त्याने रेघ मारली नाही, बोटं मोजली. पाच होती. पाचही धडधाकट. तर्जनीच्या नखावरचा लहानपणापासूनचा पांढरा ठिपकासुद्धा होता.

आधी त्याला हसू आलं. दोन आठवडे, रोज सकाळी, नेमाने, तो एका अशा हाताला शिकवत होता जो या जगात नव्हता. त्या हाताची तयारी जोरात चालली होती आणि खरा बिचारा खिशात अंधारात बसला होता, वर शिव्या खात होता. हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि मग त्याने ते पुसायचाही प्रयत्न केला नाही. अपघाताच्या दिवशीही तो रडला नव्हता. बायकोने घड्या तशाच ठेवल्या आणि ती त्याच्या खुर्चीजवळ येऊन बसली.

हाताच्या बाईला त्याने हे सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "मीच एकदा विचारायला हवं होतं की काय दिसतं म्हणून. आता डोळे मिटायचे नाहीत, काका. दहा मिनिटं हात समोर ठेवायचा आणि उघड्या डोळ्यांनी बघायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. बघायचं."

ऐकायला सोपं वाटतं. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर हात ठेवला आणि अर्ध्या मिनिटात घड्याळाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग टेबलाच्या पायाखालचा कागद सरकलाय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो दुरुस्त करायला वाकला. जो माणूस काचेतला बुडबुडा चार हातांवरून ओळखायचा, त्याला स्वतःचा हात वीतभर अंतरावरून बघवेना. त्याला त्या हाताची लाज वाटत होती, अगदी सरळ सांगायचं तर किळसही येत होती. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला समोर बसायला सांगितलं. एकट्याने जमत नाही असं तो बोलला नाही, "तू इथे बस जरा" एवढंच म्हणाला.

तिने खुर्ची ओढली आणि न विचारताच तो हात उचलून स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला. थोटकावरची गुळगुळीत, गुलाबी कातडी अंगठ्याने चाचपून पाहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच म्हणजे?"

"एवढंच आहे? अहो, तुम्ही असं झाकून ठेवत होतात की मला वाटलं काहीतरी भयंकर असेल. मी रोज मनात काय काय बघत होते तुम्हाला काय सांगू! काळंनिळं, सुजलेलं, कसलं कसलं." तिने थोटकावर बोट टेकवलं. "आणि हे तर टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतंय."

म्हणजे दोघंही महिनोन्महिने डोळ्यांसमोर वेगवेगळे हात घेऊन एका घरात राहत होते. याने स्वतःसाठी एक देखणा हात उभा केला होता, तिने एक भीषण, आणि खऱ्याकडे कुणीच बघत नव्हतं. एकरेघीला तिचा राग आला नाही. तिला एवढे दिवस एकटीने घाबरत ठेवलं याचं मात्र त्याला फार वाईट वाटलं आणि तसं तो म्हणाला. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने अशी कबुली दिली की बायका सहसा एखादी जुनी उधारीही वसूल करून घेतात, पण तिने त्या दिवशी सोडून दिलं.

त्यानंतर तो रोज पाच मिनिटं हात बघायचा आणि मग डोळे मिटायचा. पण मनातलं बोट काही कमी हट्टी नव्हतं. हात चार बोटांचा यायचा, कटर उचलेपर्यंत पालीच्या शेपटीसारखं पाचवं पुन्हा उगवलेलं असायचं. तो ते पुसायचा, ते पुन्हा यायचं. दोन दिवस ही झटापट चालली. तिसऱ्या दिवशी तो दमला आणि त्याने बोटाला राहू दिलं. नुसतं बघत बसला. श्वास चालू होता. या बोटाने पहिली काच कापली होती, लग्नाआधी भावाला लांबून बायको दाखवली होती ती याच बोटाने, म्हणाला होता, ती बघ, ती निळ्या कपड्यांतली. तो मनातच बोटाला म्हणाला, "तीस वर्षं चांगली साथ दिलीस बाबा. आता मला या उरलेल्या चौघांबरोबर काम करू दे." वेडेपणाच म्हणायचा. पण त्याला आतून मोकळं वाटलं, आणि पुढच्या खेपेला हात आला तो चार बोटं आणि एक थोटूक घेऊन, आणि तसाच राहिला.

मग त्याने कटर मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यात ठेवून पाहिलं. अवघडलेलं, तिरकं. तरी रेघ मारली, काच टेबलाच्या कडेवर आणली, दाबली आणि ती भलतीकडूनच फुटली. मनातल्या मनात! तो दचकून जागा झाला. त्याच दिवशी इस्पितळात जाऊन त्याने लहान पोराच्या उत्साहाने सांगितलं, "बाई, आज डोळे मिटूनसुद्धा काच फुटली."

हाताच्या बाईला हसू आवरेना. "वा! म्हणजे आता तिथे खरे तुम्ही आहात."

दुपारच्या तुकड्यांमध्ये फरक पडू लागला. दहांतले दोन, मग चार, मग सहा. मधल्या बोटाला तर्जनीचं काम नवं होतं, ते पटकन दमायचं आणि पेरावर लाल वळ उठायचा. रेघ पूर्वीपेक्षा सावकाश जायची. पण जायची. मालक एकदा जेवून लवकर परतले आणि दारातच उभे राहिले. पाऊल न वाजवता पुन्हा बाहेर गेले आणि दहा मिनिटांनी मुद्दाम मोठ्याने खोकत आत आले.

पहिल्या तारखेला टेबलावर एक आरसा होता. एका शिंप्याने दुकानासाठी सांगितलेला, साडेचार फूट लांब, रुंदीत एका बाजूने तीन इंच कमी करायचा. एकरेघीला वाटलं होतं की साधी काच असेल. आरसा कापताना त्याचं तोंड वर ठेवतात, म्हणजे रेघ मारणाऱ्याला खाली स्वतःचाच हात उलट्या बाजूने समोरून येताना दिसतो. त्यातून सुटका नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे हातालाच आरसा लावलेला होता, आणि बाजूला मालक उभे.

"सुरू करू?" त्याने विचारलं.

"तुमचं टेबल आहे, मास्तर. मला काय विचारता?" मालक म्हणाले, पण त्यांचा एक हात गल्ल्याची कड धरून होता.

त्याने काच पुसली, पट्टी लावली, कटर तेलात बुडवलं. एक श्वास आत, एक बाहेर. आरशात हात वर आला. चार बोटं, टोपी घातलेला म्हातारा, बेचक्यात कटर. आपल्याला तो परका वाटेल, मान फिरवावीशी वाटेल अशी त्याला भीती होती. तसं काही झालं नाही. गेले काही दिवस रोज सकाळी बघितलेला हात होता तो, नीट ओळखीचा. खालचा आणि वरचा, दोन्ही हात टोकाला टोक लावून निघाले. सर्रर्र. चार फुटांवर मधलं बोट दमायला लागलं. त्याने घाई केली नाही आणि थांबलाही नाही. रेघ शेवटच्या कडेवरून खाली उतरली. त्याने रेघेखाली काडी ठेवली, दोन्हीकडून तळव्याने दाबलं, आणि आरसा टक्कन, सरळ सुटला.

मालकांनी गल्ला सोडला. "जमलं की हो!"

"जमलं," तो म्हणाला. त्याचं मन भरून आलं होतं, आणि नेमकं तेव्हाच खोटं बोलणं सोपं होतं. "पण मालक, पाच फुटांपर्यंतच. त्यापुढे बोट दमतं, रेघ माझ्या ताब्यात राहत नाही. मोठ्या काचेला तो दुसरा कारागीर घ्या. मला ते येत नाही."

तीस वर्षांत त्या टेबलाजवळ हे वाक्य कुणी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मालकांनी टेबलाची लांबी नजरेने मोजली आणि ते म्हणाले, "मग टेबल थोडं लांब करावं लागेल, दोघांना."

आठवड्याने तो कारागीर आला. हुशार, बोलका, काचेची जाण असलेला माणूस. पहिल्याच सकाळी तो आपली मोठी काच बाजूला ठेवून एकरेघीच्या शेजारी येऊन उभा राहिला. एक रेघ पाहिली, दुसरी पाहिली, मग त्याला राहवेना.

"मास्तर, मी चार दुकानं फिरलोय. कटर असं धरलेलं कुठे पाहिलं नाही. ही कुठली पकड?"

"माझी," एकरेघी म्हणाला, आणि त्याला नीट दिसावी म्हणून त्याने हात उजेडात धरला.